न वाजणारं पाणी

मुकुंदराव हे नाव फक्त जन्मपत्रिकेत आणि देवळातल्या संकल्पात उरलं होतं. कुंभकोणमचे तमिळ शेजारी त्यांना 'फोटो रायर' म्हणत, कारण त्या गावात घरी मराठी बोलणारा कुठलाही माणूस रायरच. मरुदानल्लूरच्या भजनातली मंडळी त्यांना 'टाळ मुकुंदराव' म्हणत, कारण उत्सवात टाळ धरून भजन चढवत न्यावं तर त्यांनीच. फोटो आणि टाळ, दोन्ही त्यांच्या जिवाचे. पण ही दोन कामं त्यांनी एकाच खोलीत एकाच वेळी करायला घेतली आणि घरावर नसती आफत ओढवून घेतली, त्याचीच ही हकिगत.

तंजावरच्या राजवाड्यात त्यांचे पणजोबा दिवट्यांवर देखरेखीला होते. दरबार भरलेला असताना एकही दिवटी विझता कामा नये एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी इमानानं केलं. पणतू निघाला तो अंधारात बसून पोट भरणारा. रावांची बायको गोमतीबाई हे त्यांना अधूनमधून ऐकवायच्या, आणि राव दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. माणूस तसा फार गोड. कुणाचा राग धरायचा नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि आपली चूक मात्र शेवटचा उपाय म्हणूनच कबूल करायची.

घर लांबट आणि अरुंद. पुढच्या खोलीत स्टुडिओ. तिथे कमळांचं तळं आणि कुठेच न पोचणारा एक संगमरवरी जिना रंगवलेला पडदा. त्यापुढे तीन पायांवर लाकडी कॅमेरा, काळ्या कापडासकट. माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडलं की अगदी मागे, पूर्वी भात साठवायची ती बिनखिडकीची खोली. तिथे राव फोटो धुवायचे. त्यांची फिल्म म्हणजे गुंडाळीची नव्हे, तर वहीच्या पानाएवढी सुटी, एकेक. चौकटीत एक घालायची, एक फोटो काढायचा, आणि अंधारात ती एकटीच औषधाच्या ट्रेमध्ये सोडायची.

पूर्वी काचेच्या प्लेटा असत, तेव्हा लाल दिवा चालायचा. राव दिव्यापाशी बसून पाहात असत, आधी डोळे उमटले, मग ओठ, मग पागोटं, आणि पुरे वाटलं की काढून घेत. पुढे मद्रासहून त्या प्लेटा येईनाशा झाल्या आणि ही नवी फिल्म आली. तिला लाल दिवासुद्धा सोसत नसे. ठार अंधार. घड्याळ दिसत नाही, फिल्म दिसत नाही, स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्यानं दाराबाहेर कुणाला तरी घड्याळ घेऊन बसवलं असतं. पण ती खोली म्हणजे रावांचं सोवळं. तिथे, आणि दाराशीही, दुसऱ्या कुणाची लुडबूड चालत नसे.

त्यांनी वेगळी तोड काढली. भजनातली एक नामावळी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की सुरुवातीपासून शेवटच्या गजरापर्यंत किती वेळ जातो याची त्यांना पक्की खात्री. फिल्म औषधात सोडायची, ट्रेचा एक काठ उचलायचा, खाली टेकवायचा, आणि ताल धरून म्हणत राहायचं. गजर संपला की फिल्म बाहेर. 'माझें घड्याळ विठ्ठलानें चावी दिलेलें,' असं ते आल्यागेल्याला सांगत. शब्द मराठी, चाल दाक्षिणात्य, हात ट्रेवर, आणि आतल्या अंधारात रावांची अशी काही तंद्री लागायची की विचारू नका.

आता त्या मंडळींची भजनं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना सांगायला नको. भजन सुरू होतं ते सावकाश, संथ. मग एक पट चढतं, मग दुप्पट, आणि गजराला येईपर्यंत टाळ वाजवणाऱ्याचे हात दिसेनासे होतात. रावांचं आयुष्य त्यातच गेलेलं. त्यामुळे आपण म्हणतो ते चढतंय हे त्यांच्या कानाला कधी जाणवलंच नाही.

दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामखमच्या पर्वणीच्या आदल्या वर्षी त्यांनी आपल्या मुलीचा फोटो काढला. पंकजा त्यांची एकुलती एक. सावळी, उंच, सरळ बघणारी, आणि बोलायला बापापेक्षा कमी पण नेमकी. तिरुचिरापल्लीला रुक्मिणीबाई म्हणून एक बाई होत्या, त्यांचा मुलगा सुंदरेश रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. पत्रिका जुळली होती. त्यांनी फोटो मागवला होता. मध्यस्थ व्यंकटरमण. हा विड्याच्या पानांची आडत चालवायचा. पानांच्या करंड्यांबरोबर गावोगावची स्थळंही त्याच्या हातून इकडून तिकडे जात.

रावांनी हौसेनं पंकजाला त्या जिन्याच्या पडद्यापुढे बसवलं, तिचा उजवा हात एका उंच तिवईवर ठेवायला लावला आणि कॅमेऱ्याच्या कापडाखाली शिरले. त्या दिवशी आवाजही छान लागला होता. नामावळी अशी रंगली की स्वयंपाकघरात गोमतीबाईंनी भाजी चिरता चिरता मान डोलावली.

फोटो छापून झाला. चेहरा उत्तम होता. नथ, केसांतली अबोली, डोळ्यांतलं ते सरळ बघणं, सगळं जागच्या जागी. फक्त फोटोच्या कडेला आलेला तो उजवा हात, बोटांपासून कोपरापर्यंत, मधेमधे पांढुरका दिसत होता. नीट पाहिलं तर पडद्यावरची कमळंही त्या कडेला फिकट झाली होती. पण मुलीच्या फोटोत कमळ कोण बघतो?

"हाताला हें काय?" गोमतीबाईंनी विचारलं.

"उजेड पडला आहे. चांगलेंच दिसतें," राव म्हणाले. त्यांनाही ते खटकलं होतं, पण आवाज लागला होता त्या दिवशीचं काम वाईट झालं असेल हे त्यांना मानवेना. फोटो पातळ कागदात गुंडाळून त्यांनी व्यंकटरमणच्या हवाली केला.

व्यंकटरमण परत आला तो तोच फोटो त्याच कागदात घेऊन. कॉफी पिऊन होईपर्यंत पानांच्या भावाबद्दल बोलत राहिला, आणि मग पेला खाली ठेवून, दाराकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाला, "राव, रागावूं नका. मुलीच्या अंगावर कोड आहे कां?"

रावांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले.

"अहो, लहानपणापासून पाहतां तुम्ही तीस!"

"मी पाहतों. त्या कोठें पाहतात? त्या म्हणाल्या, येवून पाहणें आणि मग नको म्हणणें बरें दिसत नाहीं, म्हणोन येतच नाहीं. चांगल्या बाई आहेत. कोणापाशीं बोलणार नाहींत."

रुक्मिणीबाई बोलल्याही नसतील. पण अशी गोष्ट बोलावी लागतच नाही. पत्रिका जुळून स्थळ परत गेलं म्हणजे काहीतरी असणार, आणि ते काय असणार हे शोधायला गावात रिकामी डोकी काय कमी होती? पुढच्या एकादशीला मरुदानल्लूरच्या भजनात हळदकुंकू देणारी बाई पंकजापाशी आली, तिनं पंकजाचा हात उजेडाकडे वळवून पाहिला आणि मगच हळद लावली. घरी येऊन पंकजानं पोलक्याची लांब बाही खाली ओढली आणि त्या वैशाखातल्या उकाड्यात ती तशीच राहू लागली. राव तिच्या त्या बाहीकडे बघायचं टाळू लागले.

फोटोला शिसपेन्सिल लावून पांढरं झाकायची कला त्यांना येत होती. नवरदेवांचे देवीचे व्रण त्यांनी कितीदा तरी बुजवले होते. ते परत आलेला फोटो घेऊन बसले तेव्हा पंकजा समोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, तें करूं नका."

"कां? कोणास कळणार?"

"आधीं पांढरें होतें, आतां नाहीं. रंगविलें म्हणतील. मग तें खरेंच ठरलें."

रावांनी पेन्सिल खाली ठेवली. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्यामुळेच त्यांना जास्त लागलं. आता एकच उपाय उरला होता. पुन्हा फोटो काढायचा आणि तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा धुवायचा. असा, की कुणी भिंग लावून पाहिला तरी त्यावर कुणाचा हात फिरलेला दिसू नये.

पण पंकजा बसायला तयार होईना. "आधीं तुमचा ट्रे नीट होवूं दे. मग मी बसतें," ती म्हणाली. पुन्हा तसाच हात निघाला असता तर तिला तो बघवला नसता.

मग रावांनी परसात दोरीवर एक पांढरं धोतर ताणून बांधलं, सावली बघून कॅमेरा लावला आणि धोतराचा फोटो काढला. धोतरावर ना नक्षी ना सुरकुती; धुणं एकसारखं झालं तर फिल्मवर सगळीकडे एकच करडा रंग यायला हवा. युक्ती नामी होती, पण शेजारी कुंपणावरून बघत होते. रायरांना गिऱ्हाईक मिळेना म्हणून ते आता धोतरांचे फोटो काढू लागले, ही बातमी संध्याकाळच्या आत महामखम तळ्यापर्यंत पोचली.

फिल्म धुऊन उजेडाला धरली. मधे करडं आणि चारी कडांना काळपट पट्टे. साध्या धोतराला जणू काठ आला होता. निगेटिव्हवर जे जास्त काळं, ते छापल्यावर जास्त पांढरं. पंकजाचा हात नेमका त्या काठात सापडला होता.

राव फिल्मवर चिडले. नवा डबा आणला, तोच काठ. औषध बदललं, तोच काठ. गरमीनं होत असेल म्हणून सोडावॉटरवाल्याकडून बर्फ आणला, मोठ्या पितळी परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात ट्रे ठेवला. गरमीनं फिल्मला येणारा मऊपणा गेला, काठ मात्र राहिला. आधी साध्या पाण्यात भिजवून मग औषधात सोडली, तेव्हा मधले बारीक ठिपके गेले आणि काठ पुन्हा होताच. दोरीवरचं धोतर उन्हातान्हात पिवळं पडायला आलं. आणि प्रत्येक वेळी राव आत जाऊन, दार लावून, मनोभावे नामावळी म्हणत होते. उलट आता संकट आलं म्हणून जास्तच आळवून म्हणत होते.

त्या दिवसांत पंकजा दुपारचं बरंचसं काम मागच्या खोलीबाहेर, दारापासून जरा अंतर राखून करायची. बाहेर जाणं तिनं सोडलंच होतं. एका दुपारी ती तिथे तांदूळ रोळत बसली होती. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याबरोबर तांदूळ सोडायचे, भांडं कधी इकडे कलतं करायचं, कधी तिकडे, की तांदूळ पाण्यावर स्वार होऊन निघून जातात आणि खडे मागे राहतात. हात घाई करायला लागला की खडेही तांदळाबरोबर जातात आणि जेवताना कुणाचा तरी दात सांगतो. आत नामावळी चढत होती. पंकजाचे हात आपोआप तिच्याबरोबर चढले, आणि भांड्यातलं पाणी काठावर आपटून तिच्या मांडीवर उडालं. खडे सगळे तांदळात गेले.

ती थांबली. तिनं कान दिला. बंद दारामागे, गजराच्या खाली, चटक्‌ चटक्‌ चटक्‌ असा दुसरा एक आवाज येत होता. ट्रेमधलं औषध काठावर आपटत होतं.

राव ओली फिल्म हातात धरून बाहेर आले. पुन्हा काठ.

"आप्पा, भजन चढतें तेव्हां तुमचा हात चढतो," पंकजा म्हणाली. "पाणी काठास आपटून परततें. मधें संथ राहतें, कडेस नाचतें. म्हणोन कडेस जास्त लागतें."

तुम्ही म्हणाल, बापाला आनंद झाला असेल. बाप असा काही भडकला, की गोमतीबाई चुलीवरची आमटी सोडून धावत आल्या.

"माझ्या भजनास नांव ठेवतेस? तीस वर्षें टाळ धरतों आहे मी!"

"टाळ चांगलाच धरतां," पंकजा म्हणाली. "ट्रे टाळ नव्हे."

"आणि वेळ? अंधारांत वेळ कोण सांगणार मज?"

"मी सांगेन बाहेरून. नाहीं तर तुम्ही बाहेर राहा. मी धुतें."

त्या खोलीत, त्या औषधांत, दुसऱ्याचा हात? रावांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते तरातरा पुढच्या खोलीत निघाले. गोमतीबाईंनी त्यांना संगमरवरी जिन्यापाशी गाठलं. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि तेव्हाही चढवला नाही.

"पोरीचें नांव तुमच्या हातून गेलें," त्या म्हणाल्या. "जाणून केलें नाहींत तुम्ही, मज ठावें आहे. पण गेलें तें तुमच्याच हातून. आतां तीच सांवरतें म्हणते तर तुम्ही रुसून बसतां?"

राव पडद्यापुढच्या खुर्चीत बसले. गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीत. समोरच्या कॅमेऱ्याच्या काचेत त्यांना स्वतःचं उलटं, एवढंसं रूप दिसत होतं. मुलीनं त्या वैशाखात ओढलेली लांब बाही त्यांना आठवली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा उपाय म्हणूनच का होईना, त्यांनी मनाशी कबूल केलं की चूक फिल्मची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून पांढऱ्या मुलाम्याचा एक मोठा जुना ट्रे मागून घेऊन आले. "आपला ट्रे फिल्मच्या अंगालगत होता," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "काठ लांब असेल तर लाट फिल्मवर परतणार नाहीं. तुझें रोळणें ह्यांत बघ." पंकजानं जेवताना त्यांना भाताबरोबर तूप जरा जास्तच वाढलं.

धोतराची शेवटची फिल्म तिनं धुतली. उजेडाला धरली तेव्हा राव ती बराच वेळ फिरवून फिरवून पाहात राहिले. घुसळून ठेवलेल्या ताकासारखी एकसारखी. कुठे काठ नाही, पट्टा नाही, ठिपका नाही. गोमतीबाईंनी तेवढ्यात दोरीवरचं धोतर काढून भिजत घातलं.

मग पंकजा फोटोला बसली. ह्या वेळी तिवई नको म्हणाली. दोन्ही हात पुढे, मांडीवर, बाही कोपराच्या वर सरकवलेली. कॅमेऱ्यात ती अशी बघत होती, की कापडाखालच्या रावांना क्षणभर वाटलं, ही आपल्यालाच जाब विचारते आहे.

सकाळी, पाणी गार असताना, ती खोलीत गेली. दाराची फट आतून जाड कापडानं बंद केल्याचा आवाज आला. राव बाहेर, गजराचं घड्याळ हातात घेऊन. त्या दाराच्या ह्या बाजूला उभं राहायची त्यांना इतक्या वर्षांत सवयच नव्हती.

"सोडली," आतून पंकजा म्हणाली.

"सरी, बरें," राव म्हणाले, आणि काट्याकडे बघू लागले.

आतून काहीच ऐकू येईना. गाणं नाही, पाण्याचा आवाज नाही. ट्रे हलतो आहे की नाही? पोरगी फिल्म विसरून उभी तर नाही? फिल्म तळाला चिकटली असेल तर? त्यांनी दाराला कान लावला. नुसती शांतता. त्यांच्या ओठांवर नामावळी आपसूक आली आणि त्यांनी ती दातांखाली दाबून धरली. भजन गिळायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. घाम कपाळावरून घड्याळावर पडला. मग, अगदी कान देऊन ऐकल्यावर, त्यांना कळलं की आत बांगडी हळूच किणकिणते आहे. थोडं थांबून पुन्हा. कधी लवकर, कधी उशिरा, कुठल्याच तालात न बसणारी. ट्रे हलत होता. पाणी वाजत नव्हतं.

"वेळ झाली!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की शेजारची गाय हंबरली.

फिल्म सुकली, फोटो छापला. कमळं सगळी सारखी होती. तिच्या दोन्ही हातांचा रंग तिच्या चेहऱ्याचाच होता, सावळा, तजेलदार, नखांपासून कोपरापर्यंत. डाव्या मनगटावर लहानपणी दूध उतू जाऊन भाजल्याची खूण होती, तीसुद्धा स्वच्छ उमटली होती. रावांचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला आणि मधेच थांबला.

"राहूं दे," पंकजा म्हणाली. "ती माझीच आहे."

एक प्रत व्यंकटरमणबरोबर तिरुचिरापल्लीला गेली. दुसरी रावांनी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. एकादशीच्या हळदकुंकवाची ती बाई काचेपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग आपल्याच मुलीचा फोटो काढायचं ठरवून आत आली. लांब बाहीचं पोलकं पंकजानं तेव्हापासून पेटीत टाकलं. स्टुडिओच्या सगळ्या फिल्म आता तीच धुऊ लागली, आणि राव दाराबाहेर घड्याळ धरून बसू लागले. भजन त्यांनी मरुदानल्लूरला राखून ठेवलं.

तिरुचिरापल्लीहून निरोप यायला वेळ लागला. ऐपशी महिना, म्हणजे आश्विन-कार्तिक, उजाडला, पाऊस लागला, रावांनी आशा सोडली. आणि एका सकाळी ओली छत्री दारात टेकवून व्यंकटरमण ओरडतच आत आला, की रुक्मिणीबाई मुलाला घेऊन स्टेशनवरून निघाल्या आहेत.

रुक्मिणीबाई ठेंगण्या, स्वच्छ नऊवारी नेसलेल्या, बोलण्यात अतिशय मऊ. सुंदरेश शिडशिडीत; मालधक्क्यावरच्या कोळशाचं बारीक काळं त्याच्या नखांच्या कोपऱ्यांत राहून गेलेलं. सगळे पुढच्या खोलीत बसले. पंकजा कॉफीचे पितळी पेले घेऊन आली, वाकून रुक्मिणीबाईंपुढे पेला ठेवला, आणि त्याच वेळी रावांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.

तिची बोटं! रोज औषधात हात घालून तिच्या बोटांची टोकं आणि नखं तपकिरी काळी पडली होती. इतके महिने रोज डोळ्यांसमोर होती ती, आणि आजच्या दिवशी लिंबू चोळायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

रुक्मिणीबाईंनी तिचा हात हातात घेतला. अंगठ्यानं डाग चोळून पाहिला. गेला नाही.

"आधींच्या फोटोंत पांढरा," त्या मऊपणानं म्हणाल्या. "मागाहून आलेल्या फोटोंत सावळा. आणि आतां हा काळा. ह्या हाताचा खरा रंग कोणता, राव?"

राव उभे राहिले. फिल्म खराब होती असं म्हणायला अजूनही जागा होती. व्यंकटरमण डोळ्यांनी खुणावतही होता.

"मागाहून आलेला तोच खरा," ते म्हणाले. "तो हिनें धुतला. पहिला मी धुतला, टाळ धरल्यासारखा, भजन म्हणत. पांढरें झालें तें माझ्या हातानें. पोरीच्या अंगावर कांहीं नव्हतें, आणि महिनोन्‌महिने तिनें तें सोसलें." पंच्यानं त्यांनी डोळे पुसले, सगळ्यांच्या देखत.

पंकजा आत गेली आणि धोतराच्या दोन निगेटिव्ह घेऊन आली. खिडकीत धरून दाखवल्या. काठ आलेली आणि काठ नसलेली. "औषधाचे डाग आहेत हे," बोटं पुढे करून ती म्हणाली. "धुवून जात नाहींत. आणि काम मी सोडणार नाहीं, तेव्हां राहतीलच. तुम्हांस आधींच सांगतें."

रुक्मिणीबाई दोन्ही निगेटिव्हकडे आळीपाळीनं पाहात राहिल्या. मग त्यांनी आपल्या मुलाच्या हातांकडे पाहिलं, त्याच्या नखांतल्या कोळशाकडे, आणि त्या हसल्या.

"ह्याचेही जात नाहींत," त्या म्हणाल्या. "स्थळ पाहावयास यायचें म्हणोन मी काय थोडें घासलें? मला पहिल्यानें येवून पाहायला हवें होतें, पोरी. तें चुकलें माझें."

सुंदरेशनं एक निगेटिव्ह मागून घेतली आणि उजेडाला धरली, नवशिक्या माणसासारखी, मधोमध अंगठा टेकवून. पंकजानं ती त्याला फक्त कडांवर धरायला लावली.

"तुमच्या घरांत बिनखिडकीची खोली आहे कां?" तिनं विचारलं.

गोमतीबाईंनी कपाळाला हात लावला. व्यंकटरमणच्या हातून पेला कलंडला.

"कोळशाची आहे एक," सुंदरेश म्हणाला. "रिकामी करवूं."

मुहूर्त ठरला तेव्हा बाहेर पाऊस थांबला होता. मंडळी स्टेशनवर गेली, आणि राव काही तरी शोधत असल्यासारखे घरभर फिरत राहिले. शेवटी ते मागच्या खोलीत गेले, तो दवाखान्यातला मोठा ट्रे त्यांनी घासूनपुसून कोरडा केला आणि पंकजाच्या पेटीत, तिच्या लांब बाहीच्या पोलक्याच्या वर, अलगद ठेवला. स्वतःसाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन आणखी एक मागून आणला.